सटवाईचा नवा लेख : आनुवंशिकीच्या बातम्या आणि समाजमन

मूल जन्मल्यानंतर पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे भाग्य लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. म्हणून तर त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. आज शिकलेला माणूस या समजुतीला हसतो. परंतु तोच माणूस सकाळी वर्तमानपत्र उघडतो, ‘गुन्हेगारीचे जनुक सापडले’, ‘लठ्ठपणाचे रहस्य उलगडले’, ‘बुद्धिमत्ता जन्मतःच ठरते’ असे मथळे वाचतो आणि मान डोलावतो. सटवाईची जागा जनुकाने घेतली, पण ‘लिहिलेले टळत नाही’ ही श्रद्धा मात्र होती तिथेच राहिली.

आनुवंशिकी हे विसाव्या शतकाने माणसाला दिलेले एक थोर शास्त्र आहे. त्या शास्त्रावर टीका करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही, आणि तो अधिकारही कला शाखेच्या विद्यार्थ्याला नाही. प्रश्न वेगळा आहे. प्रयोगशाळेत लागलेला शोध वृत्तपत्राच्या वाटेने जनसामान्यांपर्यंत पोहोचतो तेव्हा वाटेत त्याचे काय होते? आणि त्या बातमीवर विसंबून माणसे जे निर्णय घेतात त्यांची किंमत कोण मोजतो? हा प्रश्न भाषेचा, समाजाचा आणि न्यायाचा आहे. म्हणजेच तो आपल्या शाखेचा आहे.

दोन शब्दांचा परिचय

पुढील विवेचनासाठी दोन शब्द समजून घेतले पाहिजेत. आपल्या शरीरातील पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी एक जोडी लिंग ठरविते. स्त्रीमध्ये ती ‘एक्स-एक्स’ आणि पुरुषामध्ये ‘एक्स-वाय’ अशी असते. या गुणसूत्रांवर जनुके असतात. माणसाच्या जनुकांची संख्या एक लाखाच्या घरात असावी असा पूर्वी अनेकांचा अंदाज होता. मानवी जनुकसंचाचा आराखडा हाती आल्यावर ती वीस हजारांच्या आसपास असल्याचे दिसून आले.

एकेका जनुकातील बिघाडामुळे होणारे काही रोग आहेत. परंतु माणसाचे बहुतेक गुण एका जनुकाच्या हाती नसतात. उंचीचेच उदाहरण घेऊ. उंची ही फूटपट्टीने मोजता येणारी साधी गोष्ट. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उंचीशी संबंध असलेले १२,१११ बारीक फरक आढळले. शिवाय लहानपणीचे खाणेपिणे आणि आजारपण यांचाही वाटा आहेच. उंचीची ही कथा, तर राग, बुद्धी, गुन्हा, सदाचार यांसारख्या गोष्टी, ज्यांची व्याख्यासुद्धा दोन माणसे एकसारखी करणार नाहीत, त्या एकाच जनुकाला कशा टांगता येतील? तरीही तसे मथळे छापले जातात. त्यातून काय घडते, हे तीन उदाहरणांवरून पाहू.

‘गुन्हेगारीचे गुणसूत्र’

काही पुरुषांच्या पेशींत ‘वाय’ हे गुणसूत्र एकाऐवजी दोन असते. अशा पुरुषाची पहिली नोंद १९६१ साली अमेरिकेतील बफेलो येथे झाली. हा गृहस्थ ४४ वर्षांचा आणि सर्वसाधारण बुद्धीचा होता. गुन्हेगारीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या एका मुलीला जन्मजात व्याधी होती, म्हणून त्याची गुणसूत्रे तपासण्यात आली इतकेच. या नोंदीची कुठे मोठी बातमी झाली नाही. साध्यासुध्या माणसाची बातमी होत नसते.

डिसेंबर १९६५ मध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडमधील कार्स्टेअर्स येथे मतिमंद व धोकादायक समजल्या जाणाऱ्या रुग्णांसाठी कडक बंदोबस्ताचे रुग्णालय होते. तेथील १९७ पुरुषांची त्यांनी तपासणी केली, तेव्हा सात जणांमध्ये जादा ‘वाय’ आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण हजार पुरुषांमागे सुमारे एक इतके असते, हे पुढे स्पष्ट झाले. त्या मानाने १९७ मध्ये सात ही संख्या मोठीच होती, आणि शास्त्रज्ञांचे कुतूहल चाळवले यात नवल नाही. निबंधाच्या शीर्षकातच ‘आक्रमक वर्तन’ हे शब्द होते. वृत्तपत्रांना एवढे पुरेसे होते.

येथे तर्कातील एक साधी चूक लक्षात घेण्यासारखी आहे. बंदिस्त रुग्णालयात जाऊन किती जणांना जादा ‘वाय’ आहे ते मोजले गेले. पण जादा ‘वाय’ असलेल्यांपैकी किती जण आयुष्यभर नोकरी करतात, संसार करतात, शेती करतात, ते कुणी मोजले नव्हते. हजारी एक या हिशेबाने आज एकट्या भारतात असे सुमारे सात लाख पुरुष असले पाहिजेत. त्यांतील बहुतेकांना याची कल्पनाही नसणार, कारण त्यांच्या आयुष्यात तसे काही वेगळे घडलेलेच नाही. तुरुंगात जाऊन कैदी मोजायचे आणि त्यावरून गावाची नीती ठरवायची, असा हा प्रकार झाला.

यानंतर या प्रकरणात रिचर्ड स्पेक याचे नाव आले. जुलै १९६६ मध्ये शिकागो येथे त्याने आठ तरुण परिचारिका व विद्यार्थिनींची एका रात्रीत हत्या केली होती. उंच, चेहऱ्यावर पुळ्यांचे व्रण असलेला हा खुनी जादा ‘वाय’ असलेला आहे, अशी बातमी १९६८ साली अमेरिकेतील प्रमुख वृत्तपत्रांतून व साप्ताहिकांतून झळकली. वस्तुस्थिती काय होती? एरिक एंगेल या शास्त्रज्ञाने १९६६ मध्येच त्याची गुणसूत्रे तपासली होती आणि १९६८ मध्ये ती पुन्हा तपासली. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच निघाला. स्पेक हा इतर पुरुषांप्रमाणे ‘एक्स-वाय’ होता. म्हणजे ज्या माणसाचा चेहरा या सिद्धांताची साक्ष म्हणून जगापुढे नाचविला गेला, त्याच्यात ते गुणसूत्र नव्हतेच!

परंतु बातमी पुढे निघून गेली होती. १९६८ सालीच पॅरिस आणि मेलबर्न येथील खुनाच्या खटल्यांत आरोपीच्या जादा ‘वाय’चा मुद्दा न्यायालयापुढे आला. ‘मी नव्हे, माझ्या गुणसूत्राने केले’ असा हा नवा बचाव होता. त्याच वर्षापासून बोस्टनमधील एका प्रसूतिगृहात जन्मणाऱ्या मुलग्यांची गुणसूत्रे तपासून त्यांच्या वाढीचा अभ्यास करण्याचा उपक्रम सुरू झाला. ज्यांच्यात जादा ‘वाय’ आढळे त्यांच्या आईवडिलांना ते कळविले जाई. शास्त्रज्ञांचा हेतू चांगला होता. मुलांना वेळीच मदत मिळावी असे त्यांना वाटत होते. पण क्षणभर त्या आईच्या जागी आपण असल्याची कल्पना करा. पाळण्यातले मूल रडते आहे, हातपाय झाडते आहे. शेजारच्या घरातले मूलही असेच रडते. पण या आईने ‘गुन्हेगारीचे गुणसूत्र’ हे शब्द वर्तमानपत्रात वाचलेले आहेत. पुढे हे मूल शाळेत कुणाशी भांडले, त्याने एखादी वस्तू फोडली, तर ती त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहील? आणि ज्याच्याकडे सतत अशा नजरेने पाहिले जाते ते मूल मोठेपणी कसे होईल? जोनाथन बेकविथ व इतर शास्त्रज्ञांनी नेमका हाच आक्षेप घेतला. मोठा वाद झाला आणि १९७५ मध्ये नवजात मुलग्यांची ही तपासणी बंद करण्यात आली.

१९७६ साली डेन्मार्कमधील एक व्यवस्थित अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. यात तुरुंगाऐवजी कोपनहेगन येथे जन्मलेल्या उंच पुरुषांच्या सरकारी नोंदी आधाराला घेतल्या होत्या. ४,१३९ जणांच्या तपासणीत १२ जण जादा ‘वाय’चे निघाले. त्यांपैकी पाच जणांच्या नावावर काही ना काही गुन्हा होता. हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, ते लपविण्याचे कारण नाही. परंतु ते गुन्हे बहुतेक किरकोळ, मालमत्तेविषयीचे होते. हे पुरुष विशेष हिंसक असतात याला पुरावा मिळाला नाही, आणि या प्रमाणाचा संबंध आक्रमकतेपेक्षा बौद्धिक अडचणींशी असावा असे संशोधकांना वाटले.

हा खुलासा शास्त्रीय ग्रंथांत गेला. लोकांच्या मनात मात्र तो पोहोचला नाही. त्याच १९७६ साली ब्रिटनमध्ये ‘एक्स-वाय-वाय मॅन’ या नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, आणि १९९२ साली आलेल्या ‘एलियन ३’ या हॉलिवूडच्या चित्रपटात तर जादा ‘वाय’च्या कैद्यांची वसाहतच दाखविली आहे. म्हणजे अभ्यास प्रसिद्ध होऊन सोळा वर्षे झाली तरी करमणुकीच्या दुनियेत जुनी बातमी जिवंतच होती.

आपल्याला हे नवे नाही

हे सारे परदेशात घडले असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का आपल्या मातीत गुणसूत्रांचा शोध लागण्यापूर्वीच तयार झाला होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची सोय केली. काही जमातींत जन्माला येणे हाच गुन्हा ठरला. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती हे सारे त्यांच्या नशिबी आले. सोलापूरची ‘सेटलमेंट’ ही त्याचीच खूण. स्वतंत्र भारतात १९५२ साली हा कायदा रद्द झाला. परंतु कागदावरचा शिक्का पुसला म्हणून मनावरचा पुसत नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

ज्या समाजाने शतकानुशतके जन्मावरून माणसाची किंमत ठरविली, ज्याच्या बोलीत ‘खाण तशी माती’ आणि ‘ते त्याच्या रक्तातच आहे’ ही वाक्ये सहज येतात, त्या समाजात जनुकाची बातमी कोऱ्या पाटीवर पडत नाही. ती जुन्या अक्षरांवरच गिरवली जाते. म्हणून आपल्याकडच्या वृत्तपत्रांची जबाबदारी अधिक आहे.

वाहक आणि रुग्ण

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तप्रवाह अडतो, आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली या रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. हा रोग खरोखरच एका जनुकातील दोषामुळे होतो. म्हणजे इथे बातमीचा पाया पक्का होता. तरी घोटाळा झालाच.

दोषयुक्त जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक असते. वाहक हा सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो, इतकेच नव्हे तर त्याला हिवतापापासून काहीसे संरक्षणही मिळते. अमेरिकेत १९७० नंतर या रोगाविषयी एकदम जागृती झाली. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांनी तो विषय उचलून धरला. कृष्णवर्णीयांच्या दुर्लक्षित रोगाकडे अखेर लक्ष गेले ही चांगलीच गोष्ट होती. पण या गदारोळात ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतील भेद पुसला गेला. किती पुसला गेला? १९७२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने जो कायदा केला त्याच्या प्रारंभीच हा रोग सुमारे वीस लाख अमेरिकन नागरिकांना असल्याचे लिहिले गेले. वास्तविक वीस लाख ही संख्या वाहकांची होती! जिथे कायदा लिहिणाऱ्यांची ही गत, तिथे सामान्य माणसाची काय कथा?

परिणाम लवकरच दिसले. काही राज्यांनी शाळाप्रवेशासाठी किंवा विवाहाच्या परवान्यासाठी तपासणी सक्तीची केली. धडधाकट वाहकांना विमा आणि नोकऱ्या मिळण्यात अडचणी आल्या. अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. तपासणी झाली, पण तपासणीचा अर्थ समजावून सांगणारे कोणी पुरेसे नव्हते. मदतीसाठी काढलेला कागद बहिष्काराचा दाखला ठरला.

हा इतिहास आपल्याला जवळचा आहे. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा त्याचा संकल्प आहे. तपासलेल्यांना कार्ड दिले जाते. गावोगाव ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण ही अक्षरे आता ओळखीची होत आहेत. अभियान अत्यंत गरजेचे आहे. परंतु एका अक्षराचा हा फरक बातमीत नीट सांगितला गेला नाही, तर एखाद्या निरोगी मुलीचे लग्न मोडू शकते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. याचा अर्थ तीन मुले निरोगी झाली की चौथे आजारीच होणार असा नाही. दर वेळी नव्याने तीच शक्यता असते. शिवाय वाहक मुलीने वाहक नसलेल्या मुलाशी लग्न केले तर त्यांचे मूल रुग्ण होण्याचे कारणच नाही. चार ओळींत मावणारी ही माहिती आहे. ती चार ओळी छापण्याइतकी जागा प्रत्येक वृत्तपत्राकडे असते.

सत्त्याऐंशी टक्के

तिसरे उदाहरण अलीकडचे. हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोली हिने १४ मे २०१३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. तिची आई वयाच्या ५६ व्या वर्षी कर्करोगाने गेली होती. जोलीच्या ‘बीआरसीए-१’ या जनुकात दोष आढळला. तिला स्तनांचा कर्करोग होण्याचा संभव ८७ टक्के आणि बीजकोशाचा ५० टक्के असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून तिने दोन्ही स्तन शस्त्रक्रियेने काढून टाकले. लेख संयमाने लिहिलेला होता, आणि इतक्या खाजगी गोष्टीविषयी मोकळेपणाने बोलण्यासाठी धैर्य लागते, हे मान्य केले पाहिजे.

जगभर ही बातमी गेली. ब्रिटनमध्ये त्यानंतरच्या जून-जुलै महिन्यांत कौटुंबिक कर्करोगाच्या सल्ला केंद्रांकडे येणाऱ्या स्त्रियांची संख्या आदल्या वर्षीच्या सुमारे अडीचपट झाली. ज्यांच्या घराण्यात हा रोग होता अशा स्त्रिया पुढे आल्या, हा बातमीचा निःसंशय फायदा होय. पण अमेरिकेत घेतलेल्या एका पाहणीत दुसरी बाजू दिसली. अडीच हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले असता चारांतील तिघांना ही बातमी ठाऊक होती. परंतु जोलीचा धोका आणि सर्वसामान्य स्त्रीचा धोका यांतील फरक नीट समजण्याइतकी माहिती शंभरांत दहा जणांकडेही नव्हती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासानुसार, लेखानंतरच्या पंधरा कामकाजाच्या दिवसांत अमेरिकेत या जनुकाच्या चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मात्र पुढील महिन्यांत वाढले नाही. म्हणजे चाचणीसाठी धावलेल्यांपैकी अनेकींना तशी गरज नसावी, असा संशोधकांचा कयास होता.

स्तनांच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारणपणे पाच ते दहा जणींचाच रोग आनुवंशिक असतो. उरलेल्या नव्वद-पंचाण्णव जणींच्या बाबतीत ८७ हा आकडा लागूच होत नाही. परंतु लक्षात राहतो तो आकडाच. आणि याची उलट बाजू अधिक घातक आहे. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही, तेव्हा मला भीती नाही’ असे म्हणून एखादी स्त्री छातीतली गाठ अंगावर काढते. जनुकाच्या बातमीने एकीला विनाकारण घाबरविले आणि दुसरीला विनाकारण निर्धास्त केले.

दोष कोणाचा?

हे सारे वाचून पत्रकारांना दोष द्यावासा वाटेल. पण तोही घाईचा निष्कर्ष होईल. कॅनडातील तानिया बुबेला आणि टिमोथी कॉलफील्ड यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आनुवंशिकीवरील १११ शोधनिबंध आणि त्यांवर आलेल्या ६२७ बातम्या त्यांनी शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या. मध्यम किंवा भडक अतिशयोक्ती फक्त ११ टक्के बातम्यांत आढळली. ६३ टक्के बातम्यांत ती मुळीच नव्हती. मग बिघडते कुठे? त्याच अभ्यासात उत्तर आहे. बातम्यांपैकी ९७ टक्के आणि मूळ शोधनिबंधांपैकी ९८ टक्के लिखाणात शोधाच्या फायद्यांविषयी सांगितले होते. धोके वा तोटे मात्र बातम्यांपैकी १५ टक्क्यांत आणि शोधनिबंधांपैकी अवघ्या ५ टक्क्यांत आले होते. म्हणजे पारडे एका बाजूला झुकते ते वृत्तपत्राच्या कचेरीत यायच्या आधीच.

याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. संशोधनाला पैसा लागतो, विद्यापीठाला नाव लागते, संपादकाला मथळा लागतो आणि वाचकाला गोष्ट लागते. प्रत्येकाच्या हातून एकेक ‘कदाचित’ गळून पडते. शास्त्रज्ञ लिहितो, ‘संबंध असू शकतो.’ विद्यापीठाचे प्रसिद्धिपत्रक म्हणते, ‘संबंध आढळला.’ मथळा म्हणतो, ‘कारण सापडले!’ आणि चहाच्या टपरीवर वाक्य तयार होते, ‘अहो, ते जन्मतःच असते.’ या साखळीत सरळसरळ खोटे असे कोणीच बोलले नाही, तरी शेवटी हाती उरले ते असत्य.

मराठीपुरते बोलायचे तर सारा खेळ ‘शकतो’ या एका क्रियापदाचा आहे. मथळ्यात जागा कमी असते आणि पहिली कात्री याच शब्दावर चालते. ‘धोका वाढू शकतो’ याचे ‘धोका वाढतो’ होते, आणि ‘धोका वाढतो’ याचे ‘रोग होतो’ होते. शक्यतेचे विधिलिखित होण्यास एवढेच पुरते.

वाचकाने काय करावे?

प्रत्येकाने आनुवंशिकीचा अभ्यास करावा अशी अपेक्षा नाही. परंतु बातमी वाचताना काही साधे प्रश्न मनाशी विचारता येतात. तपासलेली माणसे किती होती, आणि कुठली होती? तुरुंगातली, रुग्णालयातली, की चारचौघांतली? ‘दुप्पट धोका’ म्हणजे हजारात एकाचे दोन झाले, की शंभरात वीसचे चाळीस? जनुक असलेल्या पण रोग वा दोष नसलेल्या माणसांविषयी बातमीत काही म्हटले आहे काय? दुसऱ्या कोणी तपासून तोच निष्कर्ष काढला आहे काय? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ही बातमी खरी मानली तर कुणाच्या कपाळावर शिक्का बसणार आहे?

ही जबाबदारी केवळ वाचक म्हणून आपल्यावर येते असेही नाही. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बसून परदेशी बातमीचे मराठी करणारे, मथळे बसविणारे, आकाशवाणीसाठी आणि दूरदर्शनसाठी लिहिणारे लोक मोठ्या संख्येने कला शाखेतूनच गेलेले आहेत. आज या अंकाच्या पानांवर कविता आणि कथा लिहिणाऱ्यांपैकी काहीजण उद्या तिथे असतील. उद्या नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरील तपासणीची बातमी त्यांच्या टेबलावर येईल. त्या बातमीत ‘वाहक’ लिहायचे की ‘रुग्ण’, ‘होते’ लिहायचे की ‘होऊ शकते’, हे ठरविणारे तेच असतील. तो निर्णय व्याकरणाचा वाटला तरी त्यावर कुणाचे लग्न, कुणाची नोकरी आणि कुणाच्या मुलाचे बालपण अवलंबून असेल.